समिती आहे, आधार कोठें आहे?

बुलढाणा जिल्ह्यांत सभा कोणतीही असो, जिजाऊंचें नांव घेतल्यावांचून वक्त्याचें भाषण पुरें होत नाहीं. सिंदखेडराजाच्या त्या कन्येचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु याच जिल्ह्यांतील दुसऱ्या एका मानी स्त्रीचें नांव त्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकूं येतें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस १८८१ सालीं अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती पुढें अपिलांत कमी झाली. पण तेवढ्या निमित्तानें वर्तमानपत्रांत सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवर जी झोड उठली, तिला ताराबाईंनीं हें उत्तर दिलें. दोष दोघांचा असतां शिक्षा एकीलाच कां, हा त्यांचा सवाल होता. जोतीराव फुल्यांनीं त्यांची बाजू उचलून धरली. बाकीच्या समाजानें तें पुस्तक असें विस्मृतींत टाकलें कीं, १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां छापीपर्यंत तें कोणाच्या फारसें वाचनांत नव्हतें.

ताराबाईंचा सवाल जुना झाला असता तर आम्हांस आनंदच झाला असता. पण लैंगिक छळाची तक्रार घेऊन एखादी विद्यार्थिनी महाविद्यालयांत येते, तेव्हां पहिला प्रश्न तिलाच विचारण्यांत येतो: “तूं तेथें एकटी कां गेलीस?” ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला प्रश्न विचारण्याची वेळ मागाहून येते, आणि कित्येकदां येतच नाहीं.

यांत उणीव कायद्याची नाहीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विशाखा प्रकरणांत दंडक घालून दिले. २०१३ सालीं संसदेनें कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम २०१६ सालीं जाहीर झाले. हे विनियम आमच्या किती सहाध्यापकांनीं मुळांतून वाचले आहेत? चौकशी चालू असतां तक्रारदारास रजा द्यावी, हजेरीच्या अटींत सवलत द्यावी. ज्याच्यावर आरोप आहे त्यानें तिची उत्तरपत्रिका तपासूं नये. पोलिसांकडे जावयाचें असल्यास तिला साह्य करावें. तिचें नांव गुप्त राखावें, असें त्यांत लिहिलें आहे. कुलगुरु, कुलसचिव, विभागप्रमुख यांसारख्या अधिकाऱ्यांनीं समितींत बसूं नये. विद्यार्थ्यांचा संबंध असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी तींत असावेत, हेंही लिहिलें आहे. छळ मुलग्यांचा व तृतीयपंथीयांचाही होतो, याचाही तेथें विसर पडलेला नाहीं.

याचा आमच्याकडे अवतार कोणता होतो? कार्यालयाबाहेर एक फलक, त्यावर सात-आठ नांवें, आणि तपासणी-पथक यावयाचें असलें म्हणजे सह्यांनीं भरलेली एक इतिवृत्ताची वही. जिच्यासाठीं हा खटाटोप, ती मुलगी मेहकर किंवा लोणारकडल्या एखाद्या खेड्यांतून रोज एस. टी.नें येते. तक्रारीचा शब्द बाहेर फुटला तर गाडींतील चर्चा तिच्याआधीं घरीं पोहोंचेल, बाप कॉलेज बंद करील आणि दिवाळीनंतर लग्न उरकून टाकील, हें ती पक्कें जाणते. अंतर्गत गुण कोणाच्या हातीं आहेत, हेंही तिला ठाऊक असतें. या भीतीवर फलक काय करणार? तिला हवी असते गुप्ततेची हमी आणि बुडालेल्या तासांची सोय. शिवाय जिच्यापाशीं मोकळेपणानें बोलतां येईल अशी एक वडीलधारी व्यक्ति.

अध्यापिकांची स्थिति याहून बरी नाहीं. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या बाईंची नेमणूक दर वर्षीं नव्यानें होते. ज्याच्या शिफारशीवर पुढील वर्षाची भाकर अवलंबून, त्याच्याविरुद्ध तिनें अर्ज कसा करावा? प्रत्यक्ष मालकाविरुद्ध तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेण्याची वाट २०१३ च्या कायद्यानें ठेविली आहे. ही वाट तिला कोणी सांगितली आहे काय?

येथें दोन आक्षेप हटकून येतात. पहिला, संस्थेची अब्रू जाईल. आम्ही विचारतों, संस्थेची अब्रू म्हणजे संस्थाचालकांची झोंप काय? पालक मुलगी पाठवितात ती ती सुखरूप राहील या भरंवशावर. तो भरंवसा मोडल्यावर उरलेल्या अब्रूला किंमत कोणती? दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. कायद्यानें त्याचाही विचार केला आहे: हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणारास कारवाईचें भय आहे, पण केवळ पुरावा पुरा पडला नाहीं म्हणून तक्रार खोटी ठरत नाहीं. हा भेद ज्यांना कळत नाहीं, त्यांनीं निदान प्रश्नपत्रिका तरी काढूं नयेत.

आरोपितास न्याय मिळूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, चौकशी नीट न करणें हा तक्रारदाराचाच घात आहे. गोवा विद्यापीठांतील एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनीं २००९ सालीं तक्रारी केल्या. समितीनें चौकशी घाईघाईनें आटोपली. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२३ मध्यें नैसर्गिक न्यायाचा भंग झाला म्हणून बडतर्फीचा हुकूम रद्द केला व प्रकरण पुन्हां समितीकडे धाडलें. चौदा वर्षें! एवढ्या अवधींत त्या मुलींचें शिक्षणाचें वय सरून गेलें. त्याच निकालांत न्यायालयानें देशभरच्या संस्थांतून समित्या खरोखर आहेत कीं नाहींत हें तपासण्याचा आदेश दिला. समितीच्या सभासदांस चौकशीचें शिक्षण न देणारी संस्था उभय पक्षांचा अपराध करते.

मग शिक्षकांनीं काय करावें? १९७९ सालीं मथुरा खटल्याच्या निकालानें अस्वस्थ होऊन चार विधिशिक्षकांनीं सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिलें. पुण्याच्या वसुधा धागमवार त्यांत एक होत्या. त्यांतून उठलेल्या चळवळीनें १९८३ सालीं कायदा बदलला. आम्हांपुढचें काम त्याहून सोपें आहे, कारण कायदा तयार आहे. प्रत्येक महाविद्यालयानें जूनमध्यें प्रवेशाबरोबरच तक्रारीची पद्धत मराठींत छापून प्रत्येकाच्या हातीं द्यावी; विद्यार्थी-सभासद खरोखर निवडून घ्यावेत; बाहेरचा सभासद संस्थाचालकांच्या गोतावळ्यांतला नसावा; आणि तक्रार करणाऱ्या मुलीचें वर्ष बुडणार नाहीं असें प्राचार्यांनीं लेखी द्यावें. यांपैकीं एकाही गोष्टीस अनुदानाची वाट पाहावी लागत नाहीं. ज्यांना एवढेंही करावयाचें नसेल, त्यांनीं पुढील जयंतीस जिजाऊंच्या प्रतिमेस हार घालण्यापूर्वीं ताराबाईंचें पुस्तक एकदां वाचावें.