एजंट की खरेदीदार, ते आधी ठरवा : स्वतंत्र सल्लागारांचे मागणीपत्र

प्रति,
स्वतंत्र सल्लागारांना क्लायंट कंपन्यांकडे पाठवणाऱ्या सर्व रिक्रूटमेंट एजन्सी आणि व्हेंडर कंपन्या

विषय : प्रतिनिधित्वाच्या अटी लेखी ठरवण्याबाबत

महोदय, महोदया,

पुणे, मुंबई आणि नवी मुंबई या पट्ट्यात एसएपी, डेटा, टेस्टिंग, क्लाउड अशा कामांसाठी दोन-तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या करारावर जाणारे स्वतंत्र सल्लागार या संघटनेचे सभासद आहेत. आमच्यातल्या बहुतेकांना काम तुमच्यामार्फतच मिळते. मोठ्या कंपनीच्या व्हेंडर यादीत एकट्या माणसाला जागा नसते. तिथे शिरायला उलाढाल दाखवावी लागते, कागदपत्रांचा गठ्ठा लागतो आणि पर्चेस विभागाचे उंबरठे झिजवायला माणूस लागतो. हे सगळे तुम्ही करता आणि त्याचे पैसे घेता, यात आमची तक्रार नाही. तुम्हाला मधून काढून टाकण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

तक्रार अशी, की तुम्ही आमचे नेमके कोण लागता हे प्रसंग पाहून बदलते. प्रोफाईल पाठवायची असते तेव्हा मेलवर आमच्याकडून ‘राइट टू रिप्रेझेंट’ घेता, म्हणजे तुम्ही आमचे प्रतिनिधी. क्लायंटपुढे ‘हा आमचा रिसोर्स’ म्हणता, म्हणजे आम्ही तुमची माणसे. करारात मात्र ‘प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल’ असे कलम असते, म्हणजे तुम्ही आमची सेवा विकत घेणारे स्वतंत्र व्यापारी. आणि इन्व्हॉइसची तारीख उलटली की उत्तर येते, ‘क्लायंटकडून आले की लगेच सोडतो’, म्हणजे पुन्हा नुसते मधले.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्याशी व्यवहार करणारा, असे कलम १८२ सांगते. मालकाने मागितल्यावर एजंटाने त्याला नीट हिशोब द्यायचा, हे कलम २१३ मध्ये आहे. तुम्ही आमचे एजंट असाल तर क्लायंट काय देतो याचा हिशोब आम्हाला मिळाला पाहिजे. खरेदीदार असाल तर हिशोब मागणार नाही, पण मग खरेदीदारासारखे ठरल्या तारखेला पैसे द्या. तुमचा क्लायंट तुम्हाला कधी देतो हा तुमचा प्रश्न. दोन्हींचे फायदे घेऊन दोन्हींच्या जबाबदाऱ्या टाळायच्या, हे आता चालू नये. प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर यांपैकी एक पर्याय लिहिलेला असावा, ही आमची पहिली मागणी आहे. बाकीच्या बहुतेक मागण्या तिच्यातूनच निघतात.

प्रतिनिधित्वाच्या परवानगीबद्दल

शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो : “सर, अर्जंट रिक्वायरमेंट आहे. सहापर्यंत प्रोफाईल सबमिट करायचीय. मेल टाकलाय, फक्त ‘आय कन्फर्म’ एवढा रिप्लाय द्या.” मेल उघडला तर क्लायंटच्या जागी ‘आमचा एक नामांकित क्लायंट’, रेटच्या जागी ‘बोलल्याप्रमाणे’, मुदतीचा उल्लेख नाही. एकमेव प्रतिनिधित्वाचा अधिकार तेवढा ठळक अक्षरात. सोमवारी दुसऱ्या एजन्सीचा फोन येतो आणि तिच्या मेलमध्ये तेच कामाचे वर्णन असते, स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट. दोन्ही क्लायंट एकच आहेत का, हे विचारले तर दोघेही ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणतात. मग क्लायंटच्या पोर्टलवर जन्मतारीख आणि पॅनमधले चार आकडे जुळतात, प्रोफाईल डुप्लिकेट ठरते आणि दोन्हीकडून बाद होते. एजन्सीच्या यादीत तिच्या जागी दुसरे नाव येते. सल्लागाराचे नाव मात्र त्या कंपनीत ‘सगळीकडून अर्ज करणारा’ म्हणून लक्षात राहते.

म्हणून परवानगीच्या मेलमध्ये क्लायंटचे नाव, जागेचा रिक्विझिशन क्रमांक, कामाचे ठिकाण आणि आम्हाला मिळणारा रेट असलाच पाहिजे. परवानगी त्या एका जागेपुरती आणि ३० दिवसांपुरती असावी. तेवढ्यात क्लायंटकडून काहीच कळले नाही तर ती आपोआप संपावी. नाव सांगितले तर सल्लागार थेट जाईल, ही तुमची भीती आम्हाला कळते. त्यासाठी गोपनीयतेची हमी आधी लिहून घ्या. आम्ही देऊ. पण आमच्या नावाने कुणाच्या दारात उभे राहणार आहात, हे आम्हाला ठाऊक असल्याशिवाय आमची परवानगी म्हणजे कोऱ्या कागदावरची सही आहे.

याच ओघात बायोडेटाचेही सांगितले पाहिजे. एसएपीच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो, त्यामुळे एस/४हानाच्या माणसांना मागणी आहे आणि बायोडेटावर हात फिरवण्याचा मोहही वाढला आहे. अडीच वर्षांचा अनुभव पाठवताना पाच वर्षांचा होतो. मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत ते उघडे पडते, आणि नाक कापले जाते ते समोर बसलेल्याचे. तुमचा लोगो घाला, आमचा फोन नंबर काढा, त्याला हरकत नाही. मजकूर बदलायचा असेल तर अंतिम प्रत आम्हाला दाखवून होकार घ्या.

पैशांबद्दल

इथे जरा आकडे मांडावे लागतील. समजा, एका सल्लागाराचा रेट दिवसाला १२,००० रुपये आहे आणि त्याने एप्रिलमध्ये २० दिवस काम केले. ३० एप्रिलचे इन्व्हॉइस २,४०,००० रुपयांचे. त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००. दहा टक्के टीडीएस, म्हणजे २४,००० रुपये, कापले जातील असे धरू. हातात यायचे २,५९,२०० रुपये. आता साखळी पाहा. क्लायंट मुख्य व्हेंडरला ६० दिवसांनी देतो, मुख्य व्हेंडर सब-व्हेंडरला पुढच्या ३० दिवसांनी, सब-व्हेंडर आम्हाला आणखी १५ दिवसांनी. १ एप्रिलला सुरू झालेल्या कामाचा पहिला रुपया १३ ऑगस्टला दिसतो, तोही सगळे वेळेवर वागले तर. जीएसटीचे ४३,२०० रुपये मात्र २० मेला, तिमाही योजनेत असाल तर २५ मेला, सल्लागाराने पदरचे भरलेले असतात. सरकार इन्व्हॉइसची तारीख बघते, पैसे आले की नाही हे बघत नाही.

ऊसतोडीतल्या मुकादमाची उचल मजुराला कशी बांधून ठेवते ते महाराष्ट्राला सांगायला नको. पण तिथे निदान पैसा मुकादमाकडून मजुराकडे जातो. आमच्या धंद्यात सगळ्यात खालचा माणूस वरच्या तिघांना बिनव्याजी उधारी देतो.

याला कायद्याने कधीच मर्यादा घातलेली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६, कलम १५ : उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून दातही बसवले : मुदत चुकवली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला नफ्यातून वजा करता येत नाही. तुमच्या सीएला हे नक्की माहीत आहे.

तेव्हा मागणी अशी : इन्व्हॉइस मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे, आणि ‘क्लायंटने दिल्यावर देऊ’ हे कलम करारातून रद्द. ब्रिटनमध्ये २००३ च्या नियमांनी एजन्सीला हे कारण पुढे करून काम करणाऱ्याचे पैसे अडवायला बंदी घातली आहे. कंपनी काढून काम करणाऱ्यांना त्या नियमांतून बाहेर पडण्याची मुभा आहे आणि तिथल्या एजन्सी ती वापरायला लावतात, हेही खरे. पण मूळ तत्त्व तिथे कागदावर आहे. आपल्याकडे एजन्सीच्या करारांत नेमके उलटे छापलेले असते.

टाइमशीटच्या मंजुरीचाही खेळ थांबावा. क्लायंटचा मॅनेजर सुट्टीवर गेला म्हणून इन्व्हॉइस पुढच्या महिन्यात ढकलले जाते. वरच्याच २००६ च्या कायद्यात १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर सेवा दिली त्याच दिवशी स्वीकारली असे मानतात. आम्ही ५ कामाचे दिवस मागतो.

मार्जिनबद्दल

या मुद्द्यावर आमच्या बैठकीत एकमत नव्हते. काहींचे म्हणणे, मला माझा रेट मिळाला की पुरे, तुम्ही कितीला विकता याच्याशी मला काय करायचे? हे म्हणणे चुकीचे नाही, आणि एजन्सी खरोखर खरेदीदार असेल, धोका स्वतः पत्करत असेल, तर आम्ही ते मान्यही करतो. मार्जिन किती असावे हे आम्ही सांगणार नाही. पण ‘प्रतिनिधी’ हा पर्याय निवडणाऱ्या एजन्सीने बिल रेट सांगितलाच पाहिजे. आणि पर्याय कोणताही असो, आमच्या आणि क्लायंटच्या मध्ये किती कंपन्या आहेत आणि कोणत्या, हे काम सुरू होण्याआधी कळले पाहिजे. तीन थर असतील तर क्लायंट दिवसाला २२,००० मोजत असतो, त्या रकमेची अपेक्षा धरून बसलेला असतो, आणि समोर ११,००० घेणारा माणूस असतो. कँटीनमध्ये चहा घेताना हे आकडे बाहेर येतातच, आणि मग मॅनेजर, सल्लागार आणि तुम्ही असे तिघेही अवघडतात.

थेट काम करण्याच्या बंदीबद्दल

जवळपास प्रत्येक करारात असते : करार संपल्यावर १२ ते २४ महिने त्या क्लायंटकडे, कधी कधी त्याच्या सगळ्या समूह कंपन्यांकडे, कोणत्याही मार्गाने काम करायचे नाही, केले तर काही लाखांचा दंड. एखाद्या मोठ्या उद्योगसमूहाच्या बाबतीत याचा अर्थ अर्धे हिंजवडी बंद, असा होतो.

करार कायद्याचे कलम २७ व्यवसायावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरवते. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू जहीर खानला त्याच्या जुन्या एजन्सीने करार संपल्यानंतरही त्यातल्या एका अटीने धरून ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत संपल्यानंतरचे असे बंधन प्रथमदर्शनी या कलमाखाली टिकत नाही, असे म्हटले. तोही एका स्वतंत्र व्यावसायिकाचा आणि त्याच्या प्रतिनिधीचाच वाद होता.

तरीही आम्ही या कलमावर अडून बसणार नाही. तुम्ही ओळख करून दिलीत, त्याची किंमत आहे. सहा महिने, आणि फक्त ज्या विभागात प्रत्यक्ष काम केले त्या विभागापुरते, असे बंधन आम्ही स्वतःहून पाळू. क्लायंटला त्याआधी थेट नेमायचे असेल तर त्याने तुम्हाला ठरलेले शुल्क द्यावे आणि ते दर महिन्याला कमी होत जावे. नुसती प्रोफाईल पाठवली, मुलाखतही झाली नाही, अशा ठिकाणी कोणतेच बंधन नको. आणि ज्या एजन्सीने आमचे पैसे ४५ दिवसांच्या वर थकवले, तिचे बंधन त्याच दिवशी संपले.

बाकीचे थोडक्यात. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी. आम्हाला ३० दिवस आणि क्लायंटला एक दिवस, हे नको. आधार, पासपोर्ट, जुन्या पगाराच्या स्लिपा निवड झाल्यावरच मागा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि संमती म्हणजे काय ते त्यात लिहिले आहे. मुलाखतीच्या नावाखाली दोन दिवसांचे फुकट काम करून घेऊ नका. लॅपटॉप परत दिल्याची पावती मिळाल्यावर शेवटचे बिल अडवून ठेवू नका.

आमच्याकडून

सभासद एका जागेसाठी एकाच एजन्सीला परवानगी देईल. होकार दिल्यावर दुसरीकडे जास्त रेट मिळाला म्हणून रुजू व्हायच्या आदल्या दिवशी फोन बंद करणार नाही; हे होते, आणि त्याने तुमची क्लायंटपुढे किती पंचाईत होते ते आम्हाला ठाऊक आहे. मुलाखतीला दुसऱ्याला बसवणाऱ्याचे सभासदत्व कायमचे रद्द होईल. क्लायंटने गुपचूप थेट बोलावले तर सभासद तुम्हाला लेखी कळवेल.

या अटी येत्या १ एप्रिलपासूनच्या नव्या करारांना लागू कराव्यात. चालू करारांना हात लावायची आमची मागणी नाही. एखादी अट मान्य नसेल तर ती कोणती आणि का, हे दोन ओळींत लिहून पाठवा, आम्ही बसून बोलायला तयार आहोत. तोपर्यंत सभासदांना आमची सूचना आहे : उद्यम नोंदणी नसेल तर पुढच्या करारावर सही करण्याआधी करून घ्या, आणि ज्या मेलमध्ये क्लायंटचे नाव नाही त्याला ‘आय कन्फर्म’ पाठवू नका.

आपली,
संघटनेची कार्यकारिणी