पंख्यावरची धूळ

यंदा दिवाळीच्या साफसफाईत पंखे पुसायचं काम माझ्याकडे आलं. मी स्टुलावर, आई खाली बादली घेऊन. "दिवसभर गरगर फिरतो मेला, मग ह्याच्यावर धूळ बसतेच कशी? उडून नाही का जात?" आईने सहज विचारलं. मंडळी, माझी नोकरी ह्याच प्रश्नावर चालते!

हवा असो वा पाणी, पृष्ठभागाला अगदी लागून असलेला थर त्याला चिकटून राहतो. पात्याजवळची हवा पात्याबरोबरच फिरते, त्यामुळे तिथल्या बारीक कणांना वारा जवळजवळ लागतच नाही. जरा दूर गेलं की वेग झपाट्याने वाढतो. ह्या पातळ पट्ट्याला बाउंडरी लेयर म्हणतात. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल ह्या २९ वर्षांच्या जर्मन प्राध्यापकाने ही कल्पना मांडली. घर्षणाचा सगळा खेळ भिंतीजवळच्या ह्या थरात चालतो, हे त्याने दाखवलं.

पंचाईत अशी, की प्रवाह खळबळता असेल तर ह्याच थरात बारीक बारीक भोवरे उठतात. कॉम्प्युटरवर ते पकडायचे तर जागेचे अतिसूक्ष्म चौकोन पाडावे लागतात. १९८७ साली किम, मोईन आणि मोझर ह्यांनी दोन सपाट भिंतींमधला साधा, कमी वेगाचा प्रवाह असा पूर्ण सोडवला. त्यालाच सुमारे ४० लाख बिंदू लागले. अख्ख्या विमानासाठी हे आजही शक्य नाही.

म्हणून आम्ही पळवाट काढतो. भिंतीपासून थोड्या अंतरावर वेग कसा वाढतो ह्याचा एक नियम माहीत आहे. तो वापरून भिंतीलगतचा भाग न सोडवताच घर्षणाचा अंदाज बांधायचा. ह्याला वॉल फंक्शन म्हणतात. भिंतीपासूनचं अंतर 'वाय-प्लस' नावाच्या मापात मोजतात. ५ च्या आत चिकटपणाचं राज्य, ३० च्या पुढे तो नियम लागू, आणि मधला पट्टा ना धड इकडचा ना धड तिकडचा.

माझी फजिती ह्याच मधल्या पट्ट्यात झाली. नोकरीच्या सुरुवातीला एका डक्टमध्ये हवेचा दाब किती घटतो ते काढत होतो. उत्तर आणखी अचूक यावं म्हणून चौकोन बारीक केले. चित्रं सुरेख आली, पण टेस्टमध्ये दाब माझ्या आकड्यापेक्षा बराच जास्त घटत होता. मी सरळ लिहून टाकलं, "तुमचा गेज तपासा." तिथल्या टेक्निशियन काकांनी बिचाऱ्यांनी तीनदा टेस्ट केली. आकडा तोच. मग मी वाय-प्लस काढून बघितला. १० च्या आसपास! बारीक करण्याच्या नादात पहिला चौकोन नेमका मधल्या पट्ट्यात आणून ठेवला होता, आणि वॉल फंक्शन मात्र जुनंच. काकांना फोन करून माफी मागितली. ते हसले, पण मला आजही ते मेल आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

नंतर सतीश धवन ह्यांच्याबद्दल वाचलं. इस्रोचे अध्यक्ष होण्याच्या खूप आधी, १९५१ साली, कॅलटेकमध्ये त्यांनी पीएच.डी. केली. विषय हाच, भिंतीवरचं घर्षण. भिंतीचाच एक छोटा तुकडा सुटा, तरंगता ठेवायचा आणि हवा त्याला किती ओढते ते थेट मोजायचं. अंदाज नाही, मोजमाप!

आमच्या मंडळातली बरीच मुलं आता इंजिनिअरिंगला आहेत, सिम्युलेशनचे प्रोजेक्ट करतात. त्यांना एवढंच सांगेन, रंगीत चित्र रिपोर्टला लावायच्या आधी वाय-प्लस बघा. आणि आकडे जुळले नाहीत, तर पहिला संशय स्वतःच्या गृहीतकावर घ्या, समोरच्याच्या गेजवर नाही.

आईला एवढं सगळं सांगून झालं. ती म्हणाली, "म्हणजे फुंकर मारून उपयोग नाही, फडकंच मारायला हवं ना? मग मार." बरोबरच आहे. तिच्यापुरता प्रश्न सुटला!