घरकुल उभे राहिले, पण मजबुती कोण तपासणार?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०२८-२९ पर्यंत वाढवून आणखी २ कोटी घरकुलांना मंजुरी दिली. सपाट भागात घरकुलामागे १ लाख २० हजार रुपये अनुदान मिळते. वरची भर लाभार्थी उसनवारी करून, प्रसंगी दागिना मोडून घालतो. असे घर दोन पावसाळ्यांत तडकले, तर त्याने दाद कुणाकडे मागायची?

अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतात. पुरावा म्हणून मोबाईलवर जागेच्या नोंदीसह फोटो काढतात. काम कुठवर आले ते त्यातून कळते. पण फोटोत भिंत दिसते, आतली सळई दिसत नाही. वाळूत माती किती, पाणी किती दिवस मारले, हे तर मुळीच नाही. शिवाय उद्दिष्ट पुरे करण्याचा तगादा ज्या यंत्रणेमागे, तपासणीही तिच्याच हाती. मार्चअखेर आला की घर उभे आहे ना, एवढेच पाहिले जाते.

कमकुवत घराची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या भिंती अन् धाब्याच्या ओझ्याखाली गाडली गेली. गुजरातने २००१ च्या भूकंपानंतर घरे बांधताना सरकारी इंजिनीअर असूनही त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घेतली. तोच धडा आपल्या घरकुलांना लागू आहे.

तपासणी तीनदा हवी. पाया भरण्याआधी: काळ्या जमिनीत खोदाई घट्ट मुरुमापर्यंत गेली का? लिंटेलला: पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरला का? स्लॅब ओतण्याआधी: सळई नीट बांधली का, सेंट्रिंग पक्के आहे का? काँक्रीट पडल्यावर साहेब येऊन उपयोग काय?

हे काम जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांच्या स्थापत्य विभागांकडे देता येईल. खर्च शासनाने सोसावा, लाभार्थ्याकडून छदामही घेऊ नये. नाहीतर चिरीमिरीचे आणखी एक ठाणे तयार व्हायचे! दोष निघाला तर तो लेखी द्यावा, ग्रामसभेत वाचावा आणि दुरुस्ती होताच हप्ता सोडावा.

तोवर सरपंच, ग्रामसेवकांनी ग्रामसभेत तसा ठराव करून पंचायत समितीकडे पाठवावा. लाभार्थ्यांनीही गवंड्याच्या भरवशावर न राहता स्लॅबला किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, पाणी मारावे.