हात लावून पाहा

सहामाही परीक्षा आटोपल्यापासून फराळाचे डबे भरेपर्यंत जे चार दिवस असतात, ते घरातल्या कर्त्या पुरुषाच्या सत्त्वपरीक्षेचे. मुले घरात मावत नाहीत, आणि चकल्यांचा घाणा चालू असलेल्या स्वयंपाकघरात आपल्याला कोणी उभे करीत नाही. यंदा मी मुलांना घेऊन चिंचवडला मामांकडे गेलो आणि म्हटले, "चला, सायन्स पार्क पाहून येऊ."

मामी म्हणाल्या, "यंत्रंच पाहायला इतक्या लांबून आलात होय? मोरया गोसावींची समाधी सोडली, तर चिंचवडात दुसरं आहे काय?"

मामींचे म्हणणे खोटे नव्हे. 1954 साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. खेड्यांची 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. पुढे जागा अपुरी पडली, तशी कांद्याच्या बाजाराची चाकणही मोटारींची झाली.

पण मामींना मी विचारले, "मामांचं यंत्र तुम्ही कधी पाहिलंत?"

"दर खंडेनवमीला," त्या म्हणाल्या. "झेंडूचा हार घातलेलं. पण चालताना नाही पाहिलं कधी."

वाचकहो, या साऱ्या पट्ट्याची हीच कथा आहे. भोंग्यावर घड्याळ लावणारी घरे हजारो. पण फाटकाच्या आत माणूस आठ तास करतो काय, ते घरच्यांना ठाऊक नसते. फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते : परवानगीशिवाय प्रवेश नाही.

सायन्स पार्कात नेमके उलटे. महानगरपालिका आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद यांनी मिळून उभारलेले हे ठिकाण 2013 साली खुले झाले. ऊर्जा, हवामानबदल, गमतीचे विज्ञान अशी दालने आहेत. आणि गाव मोटारींचा म्हणून मोटारींचेही एक दालन आहे. हात लावावा, फिरवावे, दाबावे, हीच इथली रीत. ही रीत रुजवली म्युनिकच्या संग्रहालयाने. ऑस्कर फॉन मिलर नावाच्या इंजिनिअराने 1903 साली ते स्थापन केले. यंत्रे कापून आतले दाखवा आणि चालवण्याची कळ पाहणाऱ्याच्या हाती द्या, असा त्याचा आग्रह होता. मुंबईचे नेहरू सायन्स सेंटर त्याच वाटेने गेले.

मोटारींच्या दालनात आमची मंडळी रेंगाळली. चिरंजीवांना रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचे नाव पाठ; परंतु वळताना गाडीची दोन्ही मागची चाके सारखीच फिरतात का, असे मामांनी विचारताच स्वारी गप्प झाली.

"शाळेत कवायत करता ना?" मामा म्हणाले. "ओळ वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि टोकाचा धावतो. चाकांचं तसंच. बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. दोन्ही एका दांड्याला जखडली तर एक घासत जाईल. म्हणून मधे डिफरन्शियल."

मामांना मी इतके बोलताना कधी ऐकले नव्हते. भोवती परकी मुलेही जमली. आणि तेवढ्यात आमच्या धाकटीने त्यांचा डावा हात धरून विचारले, "मामाआजोबा, हे बोट कुठे गेलं?"

हा प्रश्न आमच्या घरात कोणी केलेला नव्हता. मामी दुसरीकडे पाहू लागल्या.

मामांनी मात्र हात मागे घेतला नाही. भोसरीच्या एका लहान शेडमधली उमेदवारीची गोष्ट त्यांनी शांतपणे सांगितली. पायाचा खटका दाबला की प्रेस खाली यायची, हात मोकळे. रात्रपाळीत पत्रा सरळ करायला हात साच्यात गेला, आणि पाय पडला.

"मग आता सगळ्यांची बोटं जातात?" धाकटी.

"नाही गं. आता दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस उतरते. माणसाला हात दोनच. ते बटणांवर असले तर साच्यात कुठून येणार?" जरा थांबून म्हणाले, "काम भराभर व्हावं म्हणून कुणी एक बटण बांधून ठेवलं नाही, तर."

यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा हवा, असे 1948 च्या कारखाना कायद्याने सांगून ठेवले होते. तरी सुट्या भागांच्या लहान शेडमधून आजही बोटे जातात. कागदावरचा कायदा त्या मुलीला मी तासभर सांगितला असता तरी कळला नसता. मामांच्या दोन बटणांत तो तिला कळला. मोटारींच्या त्या दालनात अशी एक छोटी प्रेस ठेवावी, खाली लाकडाचा ठोकळा आणि वर दोन बटणे, असे मला फार वाटते. उद्या यांतलीच काही मुले शेडचे मालक होतील.

बाहेर आल्यावर मामी मामांना म्हणाल्या, "तुमचं शेवटचं यंत्र कसं चालायचं हो?"

मामा बाकावर बसले, खिशातून पेन काढले आणि प्रवेशाच्या तिकिटामागे चित्र काढू लागले.