पाटीच्या दगडाची गुहा

अनेक घरांच्या दिवाणखान्यात, आणि आता पेढ्यांच्या दर्शनी भागातही, मत्स्यपेटी दिसते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ पहिला. तेव्हा जीव पेटीत ठेवावाच का, असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, आणि ते रास्तच आहे. नवी पेटी घेणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे. मासा घरात आलाच असेल, तर त्याच्या जातिस्वभावाप्रमाणे त्याला राहता यावे, ही जबाबदारी मात्र आपली.

काचेला तोंडाने चिकटणारा, ज्याला दुकानदार ‘सकर’ म्हणतात, तो मासा आपल्याकडच्या शिंगाळ्याच्या आणि मांगूरच्या दूरच्या नात्यातला. मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. दिवसा अंधाऱ्या कपारीत दडावे, रात्री बाहेर पडावे, ही त्याची रीत. यातील ब्रिसलनोज ही लहान जात तळहातापेक्षा फारशी वाढत नाही. तिचा नर कपारीतच अंडी राखतो. पिल्ले बाहेर येईपर्यंत परांनी वारा घालावा तसे पाणी हलवत बसतो. उजेडात उघड्यावर राहावे लागले, तर हा मासा सदैव बिचकलेला असतो.

बाजारातील प्लास्टिकची गुहा घेण्यापेक्षा स्लेटच्या दगडाची घरी करावी. स्लेट म्हणजे आपली जुनी दगडी पाटी! आंध्र प्रदेशातील मार्कापूर परिसराचा हा दगड पापुद्र्यांनी सुटतो आणि पाण्यात काही सोडत नाही. आपल्या जिल्ह्याचा काळा कातळ भुईकोट किल्ल्याला शोभला, तरी त्याचे असे पातळ पत्रे निघत नाहीत. खरा घोटाळा होतो तो फरशीच्या वखारीत. कडप्पा दिसतो स्लेटसारखाच काळा. पण कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. गिझरमध्ये पांढरा थर धरणारे बोअरचे पाणी आधीच जड असते, त्यात या दगडाने भर पडते. परीक्षा सोपी आहे. दगड खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळावे. फेस आला तर तो ओट्यासाठी ठेवावा.

चार इंची माशासाठी गुहा आतून साधारण सहा इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि दीड इंच उंच पुरते. तळ, छत, दोन बाजू आणि मागची भिंत, तोंड एकच. प्रशस्त खोलीचा मोह नको. अंगाला भिंत लागली की त्याला सुरक्षित वाटते. तुकडे फरशीवाल्याकडून पाणी सोडत कापून घ्यावेत, कारण ही कोरडी धूळ छातीला वाईट. धारदार कडा ओल्या दगडावर घासाव्यात. जोडायला मत्स्यपेटीचेच सिलिकॉन वापरावे; न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीरोधक सिलिकॉन माशांना विष ठरू शकते. शिर्क्यासारखा वास पूर्ण जाईपर्यंत, आठवडाभर, वाळू द्यावे आणि मग दोन दिवस पाण्यात भिजवावे. गुहा वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर टेकवावी. खालची वाळू उकरली गेली तर ती कलंडते. खायला वाफवलेला दुधी किंवा काकडीची चकती चालते. तयार खाद्यात बहुधा माशांची पूड असते, म्हणून पाकीट वाचूनच घ्यावे.

दुकानात दोन इंचांचा म्हणून दिला जाणारा साधा सकर पुढे फूटभराहून मोठा होतो. मग त्याला ना गुहा पुरते, ना पेटी. अशा वेळी जीवदयेच्या भावनेने, विशेषतः पर्युषणाच्या दिवसांत, त्याला नदीत सोडण्याचा विचार मनात येतो. तो कटाक्षाने टाळावा. घरी दगडाची कपार शोधणारा हा मासा नदीत मातीच्या काठात लांब बिळे कोरून अंडी घालतो. काठ ढासळतात आणि त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात. श्रीगोंदे आणि कर्जत तालुक्यांच्या कडेने वाहणारी भीमा ज्या उजनी जलाशयाला मिळते, तेथे हे मासे सापडू लागले आहेत. ते कोणीतरी घरातूनच सोडलेले असणार. सकर वाढू लागला की ज्या दुकानातून आणला तेथे परत द्यावा, किंवा मोठे हौद बाळगणाऱ्या एखाद्या छांदिष्टाकडे सोपवावा. आणि दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच ‘ब्रिसलनोज’ हे नाव चिठ्ठीवर लिहून न्यावे.