दुसरी प्रत

फ्रान्सचे १७५९ मधील अर्थमंत्री एतिएन द सिलुएट यांची काटकसर इतकी गाजली, की काळ्या कागदातून कापलेल्या स्वस्त व्यक्तिचित्रांना त्यांचेच नाव पडले. या कलेतील निष्णात ऑगस्त एदुआर कागद दुहेरी घेऊन कापी. एक प्रत ग्राहकाला देई, दुसरी नाव-तारखेसह वहीत चिकटवी. हजारो माणसांची जणू खतावणीच! १८४९ मध्ये अमेरिकेहून परतताना जहाज गर्न्सी बेटापाशी फुटले व बहुतेक वह्या बुडाल्या. वाचलेल्या वह्या त्यांनी आसरा देणाऱ्या कुटुंबास दिल्या. त्यांतील चेहऱ्यांना आजही नावे आहेत. आपल्या पेढीतील पूर्वजांच्या तसबिरीमागे मात्र नाव कोणी लिहिले आहे काय? ओळखणारे वडीलधारे आहेत, तोवरच ही नोंद व्हावी.