विश्लेषण : जबाबदारीच्या सीमारेषेवरची चूक

संगणक सुरक्षेतील प्रत्येक मोठी चूक दुष्ट हेतूनेच होते असे नाही. ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीत २००६ साली शिरलेला आणि १३ मे २००८ रोजी उघडकीस आलेला दोष हे त्याचे ठळक उदाहरण. आज त्याची आठवण करायची, ती त्यातून पुढे आलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही म्हणून.

वेबसाइट, ई-मेल आणि दूरस्थ सर्व्हर यांच्याशी होणारी देवाणघेवाण गुप्त राखण्याचे काम ‘ओपनएसएसएल’ ही एन्क्रिप्शन लायब्ररी करते. ती लिहिणारा गट वेगळा आणि ती आपल्या प्रणालीत बसवून ‘पॅकेज’ म्हणून वापरकर्त्यांपर्यंत पोहोचविणारे डेबियनचे स्वयंसेवक वेगळे. मेमरी तपासणारे ‘व्हॅलग्राइंड’ हे साधन या लायब्ररीबाबत वारंवार इशारे देत असे. त्यांना कारणीभूत ठरणाऱ्या दोन ओळी काढाव्यात काय, अशी विचारणा मूळ गटाच्या चर्चामंचावर झाली. ठाम विरोध झाला नाही आणि ओळी निष्प्रभ करण्यात आल्या.

त्यांपैकी एक ओळ गुप्त किल्ली घडविण्यासाठी लागणारी यादृच्छिकता गोळा करीत होती. ती गेल्यावर संगणकातील प्रक्रियेचा क्रमांक हाच काय तो आधार उरला. एकाच प्रकारच्या संगणकावर ठराविक प्रकारच्या व लांबीच्या जास्तीत जास्त ३२,७६८ किल्ल्या संभवत होत्या. एवढ्या किल्ल्या आधीच तयार करून एकेक लावून पाहणे कोणाही जाणकाराला शक्य होते. डेबियनवर आधारलेल्या ‘उबुंटू’लाही हा दोष वारशाने मिळाला. ल्युसियानो बेलो यांनी तो शोधल्यानंतर केवळ नवी आवृत्ती बसवून भागले नाही. जुन्या किल्ल्या बाद करून नव्या तयार कराव्या लागल्या.

मूळ लेखकांनी हा बदल प्रत्यक्षात पाहिला नव्हता आणि पॅकेज करणाऱ्याला त्या ओळीचे मर्म ठाऊक नव्हते. आज्ञावली खुली असूनही सुमारे वीस महिने कोणाची नजर तिच्यावर पडली नाही. ‘अनेक डोळे दोष शोधतात’ या युक्तिवादाची मर्यादा येथे दिसते. डोळे असतात, पण पाहण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते.

२०१४ साली ‘हार्टब्लीड’ने खुद्द ओपनएसएसएलमधील उणीव दाखविली, तेव्हा बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला. तरीही २०२४ साली ‘एक्सझेड’ या लायब्ररीत हेतुपुरस्सर चोरवाट ठेवली गेली. दूरस्थ प्रवेशाच्या सेवेपर्यंत तिला पोहोचता आले ते काही वितरणांनी त्या सेवेत स्वतः केलेल्या बदलामुळे.

म्हणूनच सुरक्षेशी निगडित लायब्ररीत वितरणाने केलेला प्रत्येक बदल मूळ लेखकांकडे जसाच्या तसा जाणे आणि दुसऱ्या जाणकाराने तो तपासणे अनिवार्य हवे. त्यासाठी वेळ आणि पैसा लागतो. या लायब्ऱ्यांवर आपला व्यवसाय उभारणाऱ्या कंपन्यांनी त्याचा भार उचलायला हवा. तो मूठभर स्वयंसेवकांवर सोडून देणे धोक्याचे आहे.